मोठी सात आसनी गाडी आणि तिच्या मालकांच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मोठ्या सात आसनी गाड्यांचे मालक आपल्या अडचणी मला लिहून पाठवत आहेत. मी मेकॅनिक नाही आणि वकीलही नाही. मी अशाच एका गाडीचा मालक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात माझी तक्रार मी स्वतः चालवली आहे, एवढाच माझा अधिकार. पत्रांतले तेच ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्रॉसओव्हर आणि एसयूव्ही यांत फरक काय? माझी गाडी कशात मोडते?

शिडीच्या आकाराच्या पोलादी चौकटीवर वरचा सांगाडा वेगळा बसवलेली गाडी ही जुन्या अर्थाने एसयूव्ही होय. ज्या गाडीत चौकट आणि सांगाडा एकजीव असतो, म्हणजे जिची बांधणी मुळात साध्या मोटारकारसारखी असते, ती क्रॉसओव्हर. फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एन पहिल्या प्रकारात येतात. एक्सयूव्ही७००, २०२१ नंतरची सफारी, हेक्टर प्लस, अल्काझार आणि मेरिडियन दुसऱ्या. इनोव्हाच्या बाबतीत तर एकाच आडनावाच्या दोन वेगळ्या गाड्या आहेत: क्रिस्टा चौकटीवरची आहे आणि २०२२ च्या अखेरीस आलेली हायक्रॉस एकजीव सांगाड्याची. कायद्याच्या दृष्टीने या फरकाला महत्त्व नाही. वापराच्या दृष्टीने मात्र आहे, कारण गावाकडच्या खडकाळ वाटेवर सात माणसे आणि तांदळाची पोती घेऊन रोज जायचे असेल, तर क्रॉसओव्हरच्या सस्पेन्शनकडून सुमोची अपेक्षा ठेवणे चूक ठरते.

२. पंचवीस लाख मोजूनही गाडी सारखी वर्कशॉपमध्ये का? आमची जुनी क्वालिस तर कधी कुरकुरली नाही.

हा प्रश्न मला सर्वाधिक येतो, आणि त्यात क्वालिस किंवा सुमो यांचे नाव हमखास असते. त्या गाड्यांमध्ये बिघडण्यासारखे मुळात कमी होते. आजच्या मोठ्या गाडीत इंजिन, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, दरवाजे, डॅशबोर्डवरचा पडदा (स्क्रीन) आणि कॅमेरे यांचे वेगवेगळे संगणक एकमेकांशी सतत बोलत असतात. एका कनेक्टरमध्ये ओल शिरली की तीन-चार दिवे एकदम पेटतात, आणि मेकॅनिकला नेमका गुन्हेगार सापडेपर्यंत दोन भाग विनाकारण बदलले जातात.

दुसरे कारण उत्सर्जनाच्या नियमांचे आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आणि त्याच्याभोवतीचे सेन्सर आले (प्रश्न ४ पाहावा). तिसरे कारण घाईचे. २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईमुळे काही गाड्यांसाठी ग्राहक वर्षभराहून अधिक थांबले होते. नव्या गाडीच्या पहिल्या तुकड्यांत उरलेल्या त्रुटी ग्राहकांच्या हातात पडल्यावरच उघड होतात, हा अनुभव त्या काळात अनेकांना आला. नवे मॉडेल बाजारात आल्यावर निदान वर्षभर थांबावे, असे मी ओळखीच्यांना सांगतो. बहुतेक जण ऐकत नाहीत. मीही ऐकले नव्हते.

चौथ्या कारणाबद्दल फारसे बोलले जात नाही. गाडी जितक्या वेगाने बदलली तितक्या वेगाने वर्कशॉपमधला माणूस तयार झाला नाही. स्कॅनर कोड दाखवतो, पण त्या कोडमागचे कारण शोधायला वेळ आणि डोके लागते. दिवसाला ठराविक गाड्या बाहेर काढायच्या असतील तर दोन्हींची टंचाई पडते.

३. "सर, हे या गाडीचं कॅरेक्टरिस्टिक आहे" असे सांगतात. हा दोष आहे की नाही, हे कसे ठरवावे?

ग्राहक संरक्षण कायद्यातील व्याख्येप्रमाणे वस्तूचा दर्जा, परिमाण, क्षमता, शुद्धता किंवा मानक यांत, कायद्याने, कराराने अथवा विक्रेत्याने सांगितलेल्या गोष्टीच्या तुलनेत राहिलेली उणीव म्हणजे दोष. घरच्या भाषेत याची साधी कसोटी अशी: त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची आणि त्याच सुमाराची दुसरी गाडी शोरूमकडे चाचणीसाठी मागावी आणि त्याच रस्त्यावर, तितकीच माणसे बसवून चालवावी. दोन्ही गाड्या सारख्याच वागल्या तर तो बहुधा रचनेचा भाग आहे. रचनाही सदोष असू शकते, पण तो वेगळा आणि अवघड दावा होतो. आपलीच गाडी वेगळी वागली तर "कॅरेक्टरिस्टिक" हा शब्द तेथेच गळून पडतो. ही तुलना जॉब कार्डवर, म्हणजे गाडी टाकताना वर्कशॉप तक्रार नोंदवते त्या कागदावर, लिहून घ्यावी. कशी, ते प्रश्न ८ मध्ये सांगितले आहे.

४. डिझेल गाडी आहे. काजळीच्या फिल्टरचा दिवा दर पंधरा दिवसांनी लागतो. वर्कशॉप म्हणते, "हायवेला पळवा." हा काय उपाय झाला?

उपाय आहे, पण अर्धा. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी धूर साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. त्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते, आणि हे काम नीट पूर्ण होण्यास पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्यापैकी वेगाने गाडी चालणे आवश्यक असते. कोथरूडहून शिवाजीनगरला सिग्नल मोजत जाणाऱ्या आणि संध्याकाळी तसेच परतणाऱ्या गाडीला ही संधी मिळत नाही. जाळण्याची क्रिया सुरू होते, तेवढ्यात ऑफिस येते, इंजिन बंद होते आणि काम अर्धवट राहते. असे वारंवार झाले की न जळलेले डिझेल इंजिनातल्या ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून पाहावी. पातळी कमी होण्याऐवजी वर चढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर ऑइल लगेच बदलून घ्यावे, कारण पातळ झालेले ऑइल टर्बोचे आयुष्य खाते.

गाडी उभी करताना इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा जास्त असतील, पंखा जोरात फिरत असेल आणि जळकट वास येत असेल, तर फिल्टर साफ होत आहे असे समजावे आणि शक्य असल्यास दहा-पंधरा मिनिटे आणखी चालवून मगच किल्ली फिरवावी. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या, राख कमी सोडणाऱ्या प्रतीचेच हवे. स्वस्त ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती कितीही पळवून जळत नाही.

उरलेला अर्धा भाग असा. आठवड्यातून एकदा द्रुतगती मार्गावर तासभर गाडी चालवूनही दिवा लागत असेल, तर दोष वापरात नसून इंजेक्टर, धूर परत फिरवणारा व्हॉल्व्ह किंवा फिल्टरच्या दोन बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर यांत असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा "हायवेला पळवा" हे उत्तर स्वीकारू नये. टोलच्या पावत्या आणि फास्टॅगचा तपशील जपून ठेवावा. गाडी हायवेला गेली होती, हे सिद्ध करणारा याहून साधा पुरावा नाही. आणि ज्यांचा रोजचा प्रवास आठ-दहा किलोमीटरचा आहे त्यांनी डिझेल घेऊच नये, हे विक्रेत्याने आधी सांगायला हवे होते, यात शंका नाही.

५. ऑटोमॅटिक गाडी कोंडीत आणि घाटात धक्के देते. गिअरबॉक्स गेला का?

आधी गिअरबॉक्सचा प्रकार पाहावा. टॉर्क कन्व्हर्टर असलेला गिअरबॉक्स द्रवाच्या साहाय्याने शक्ती पुढे देतो, त्यामुळे रांगत चालणे त्याला मानवते. दोन क्लचचा गिअरबॉक्स मूलतः मॅन्युअलच असतो, पण त्याचे क्लच संगणक दाबतो. बोर घाटात चढणीवर ब्रेक न दाबता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की त्याचा क्लच घासून तापतो, आणि त्यातून पडद्यावर तापमानाचा इशारा येतो. चढणीवर थांबल्यास ब्रेक किंवा ऑटो होल्ड (ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) वापरावा आणि पुढे पुरेशी जागा झाल्यावरच गाडी हलवावी.

मोकळ्या सपाट रस्त्यावरही धक्का बसत असेल, विशेषतः ठराविक वेगाला आणि ठराविक गिअरला, तर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे का, ते विचारावे आणि क्लचचे मोजमाप करून मागावे. सॉफ्टवेअर "अपडेट केले" असे तोंडी सांगितलेले पुरेसे नाही. जुनी आणि नवी आवृत्ती, दोन्ही क्रमांक बिलावर हवेत.

६. पडदा मध्येच काळा होतो, कॅमेरा दिसत नाही. ही किरकोळ तक्रार आहे ना?

गाणी बंद पडली तर किरकोळ. पण ज्या गाडीत वेग, मागचा कॅमेरा आणि वातानुकूलन हे सर्व त्याच पडद्यावर आहे, तेथे पडदा काळा होणे सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो आणि तक्रार त्याच शब्दांत नोंदवावी. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचेही तसेच. रस्ता रिकामा असताना ब्रेक लागला, तर मागून येणाऱ्या ट्रकला त्यामागची गंमत कळत नाही. पुढची काच बदलल्यावर तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. ते झाले होते का, हे आधी तपासावे.

७. पावसाळ्यात छताच्या दिव्यातून पाणी ठिबकते. काच तर घट्ट बंद आहे.

मोठ्या काचेच्या छताची रचनाच अशी असते की थोडे पाणी कडेच्या पन्हळीत उतरते आणि चारी कोपऱ्यांतल्या नळ्यांवाटे खाली वाहून जाते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबतात. कोकणात हे जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच कळते. वर्षातून एकदा, मेमध्ये, नळ्या साफ करून घ्याव्यात आणि तारांनी खरवडू नयेत. नळी सांध्यातून निघाली असेल तर तो जोडणीचा दोष असतो आणि वॉरंटीत बसतो. गालिचा उचलून खालचा फोम पिळून पाहावा. वरून कोरडा दिसणारा गालिचा खालून ओला असतो, आणि काही गाड्यांत वायरिंगचे जोड त्याच्याखालीच असतात.

८. सगळे म्हणतात "पुरावा ठेवा". म्हणजे नेमके काय?

या साऱ्या भानगडीत एक कागद इतर सर्वांपेक्षा मोलाचा आहे, आणि तो म्हणजे जॉब कार्ड. त्यावर तक्रारीच्या रकान्यात लिहिलेले शब्द आपले हवेत, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचे नव्हेत.

माझेच उदाहरण देतो. सोसायटीच्या तळघरातून सकाळी गाडी रिव्हर्समध्ये घेताना तिला जोराचा हिसका बसे, आणि दोनदा ती उतारावरच बंद पडली. पहिल्यांदा गाडी टाकली तेव्हा त्या तरुणाने सगळे नीट ऐकले, मान डोलावली, टॅबवर भराभर काही टाइप केले आणि म्हणाला, "काका, इथे बोटाने सही करा." मी केली. तीन भेटींत अशीच सही केली. चौथ्या वेळी चष्मा लावून वाचले तेव्हा तक्रारीच्या रकान्यात लिहिले होते: "जनरल चेकअप, वॉशिंग." आधीच्या तिन्ही कार्डांवरही तेच. पुढे आयोगापुढे समोरच्या वकिलांनी ती कार्डे शांतपणे वाचून दाखवली आणि विचारले की, या गृहस्थांची गाडी धुऊन घेण्याव्यतिरिक्त काय तक्रार होती? त्यात खोटे काहीच नव्हते. सही माझीच होती.

म्हणून तक्रार घरीच कागदावर लिहून न्यावी आणि ती जशीच्या तशी टाइप करायला लावावी. "आवाज येतो" असे लिहू नये. "इंजिन थंड असताना, रिव्हर्स गिअरमध्ये, चढणीवर, पहिल्या दोन मिनिटांत हिसका बसतो, गेल्या दहा दिवसांत चार वेळा, किलोमीटर अमुक" असे लिहावे. अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून ट्रायल घ्यावी आणि त्याचा शेराही कार्डावर घ्यावा. गाडी परत घेताना काय तपासले आणि काय बदलले, हे लिहिलेले बिल मागावे, वॉरंटीतले काम शून्य रुपयांचे असले तरीही. "दोष आढळला नाही" असा शेरा असेल तर त्याचाही आग्रह धरावा, कारण आठ दिवसांनी तोच दोष पुन्हा नोंदवला गेला की तो शेरा आपल्याच उपयोगी पडतो. जॉब कार्डावर शब्द बदलून मिळत नसतील, तर त्याच दिवशी शोरूमला ईमेल करावा आणि त्यात जॉब कार्डाचा क्रमांक घालावा. मोबाइलवरील चित्रीकरणात गाडीचा पडदा, किलोमीटर आणि तारीख दिसली पाहिजे.

९. शोरूम दाद देत नाही. पुढची पायरी कोणती?

शोरूमच्या वर्कशॉप मॅनेजरनंतर कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी तक्रार करावी आणि कंपनीचा विभागीय अभियंता गाडी पाहील, अशी मागणी करावी. ही पायरी अनेक जण गाळतात आणि थेट भांडायला जातात. त्यानंतर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवता येते. ती न्यायनिवाडा करत नाही, पण कंपनीकडे तक्रार पोहोचवून उत्तर मागते, आणि सुट्या भागाची टंचाई किंवा अडकलेली वॉरंटी अशा बाबतीत ते पुरेसे ठरते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांच्या मार्गदर्शन केंद्रांतही कागदपत्रे दाखवून सल्ला घेता येतो. येथे काही हाती लागले नाही, तर प्रश्न १२.

१०. बाहेरून डॅशकॅम आणि दिवे बसवले. आता म्हणतात वॉरंटी गेली. खरे आहे का?

सगळी जात नाही; पण वायर कापून जोडलेली वस्तू आणि बिघडलेला भाग यांचा संबंध असेल, तर कंपनी त्या भागाची वॉरंटी नाकारू शकते आणि बहुधा नाकारते. दिव्यांसाठी मूळ वायरिंगला चीर दिली आणि नंतर पडदा बंद पडला, तर वाद आपण हरल्यासारखाच असतो. उलट, डॅशकॅम सिगरेट लायटरच्या खोबणीत लावला असेल आणि गिअरबॉक्स बिघडला, तर "वॉरंटी गेली" हे म्हणणे लेखी मागावे. लेखी मागितले की सूर बदलतो. इंजिनाचे सॉफ्टवेअर बाहेरून बदलून ताकद वाढवणाऱ्यांना मात्र सहानुभूतीपलीकडे देण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

उंदरांनी कुरतडलेली वायरिंग कोणत्याच वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी विम्याकडे जावे आणि पॉलिसीची अट आधी वाचावी.

११. मला दुरुस्ती नको, नवी गाडी किंवा पैसे परत हवेत. मिळतील का?

कधी कधी मिळतात, पण वाटते तितके सहज नाही. भारतात "इतक्या वेळा बिघडली की गाडी परत" असा ठोक नियम सांगणारा वेगळा कायदा नाही. मारुती उद्योगविरुद्धच्या २००६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने क्लचच्या तक्रारीसाठी संपूर्ण गाडी बदलण्याचा आदेश टिकवला नाही. वॉरंटीचे वचन सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे आहे, अख्खी गाडी बदलण्याचे नव्हे, असा त्या निकालाचा रोख आहे. समोरचे वकील हा निकाल खिशातच ठेवून येतात.

गाडी बदलून किंवा किंमत परत मिळण्यासाठी दोष निर्मितीचा आहे, तो गाडीच्या मुळाशी आहे आणि पुरेशी संधी देऊनही तो दुरुस्त झालेला नाही, हे दाखवावे लागते. किंमत परत मिळाली तरी तीतून बहुधा वापरलेल्या काळाची घट वजा होते. रस्ता कराचाही विचार करावा. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खासगी डिझेल गाडीला १५ टक्के एकरकमी कर पडतो, त्यामुळे मागणीत गाडीची किंमत, कर, विमा आणि वाढीव वॉरंटीचे पैसे वेगवेगळे लिहावेत. मुख्य मागणी पैसे परत मिळण्याची असली, तरी "पर्यायाने अमुक भाग बदलून द्यावा, वॉरंटी वाढवावी आणि भरपाई द्यावी" ही मागणीही तक्रारीत घालावी. एकच मागणी ठेवून सर्वस्व गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

१२. ग्राहक आयोगात तक्रार कुठे करायची? वकील लागतो का? खर्च किती?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो किंवा काम करतो तेथील आयोगात तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली आणि आपण रत्नागिरीत राहता, तर रत्नागिरीत. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी असेल तर राज्य आयोग आणि त्यावर राष्ट्रीय आयोग. येथे मोजलेली किंमत धरतात, मागितलेली भरपाई नाही. वीस ते पन्नास लाखांच्या गाडीसाठी शुल्क १००० रुपये आहे. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. आधी त्यासाठी ई-दाखिल हे सरकारी संकेतस्थळ होते, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आहे.

मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात. वॉरंटी पाच वर्षांची असली म्हणजे मुदतही पाच वर्षांची होते, हा गैरसमज आहे. कायदेशीर नोटीस पाठवल्यानेही मुदत लांबत नाही. उशीर झालाच, तर सबळ कारण देऊन तो माफ करण्याचा अर्ज करता येतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि वस्तूची चाचणी आवश्यक असल्यास पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात तारखांचे गणित निराळे असते, हे धरूनच निघावे.

१३. तज्ज्ञाचा अहवाल कोण देतो? ओळखीच्या मेकॅनिकचे पत्र चालेल का?

ओळखीच्या मेकॅनिकचे पत्र समोरचा वकील दोन प्रश्नांत निकालात काढतो. जो दोष चाचणीशिवाय ठरवता येत नाही, त्यासाठी आयोगच योग्य प्रयोगशाळेकडे वस्तू पाठवू शकतो, आणि त्याचे शुल्क बहुधा तक्रारदाराला आधी भरावे लागते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील यंत्र विभाग किंवा तशाच मान्यताप्राप्त संस्थेचे नाव आपण सुचवावे आणि त्यासाठीचा अर्ज सुरुवातीलाच द्यावा. २०१० साली फियाटच्या एका प्रकरणात, इंजिन बदलल्यावरही तक्रार राहिली तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने तटस्थ तज्ज्ञाच्या तपासणीचाच मार्ग धरला होता. तीच तक्रार सात-आठ जॉब कार्डांवर त्याच शब्दांत नोंदलेली असेल तर कागदच पुष्कळ बोलतात, आणि तेथे प्रश्न ८ मधील कष्ट फळाला येतात.

१४. आमच्या मॉडेलची परतबोलावणी (रिकॉल) झाली. म्हणजे गाडी सदोष होती, हे सिद्ध झाले ना?

आपोआप नाही. महिंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये जून २०२१ ते जून २०२३ या काळात तयार झालेल्या १,०८,३०६ एक्सयूव्ही७०० गाड्या इंजिनजवळील वायरिंग घासण्याच्या धोक्यामुळे तपासणीसाठी बोलावल्या. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये कियाने ४४,१७४ कॅरेन्स गाड्या एअरबॅगच्या सॉफ्टवेअरसाठी बोलावल्या होत्या. अशा बोलावणीत तपासणी आणि दुरुस्ती मोफत असते, पण आपली तक्रार त्याच भागाची असेल तरच तिचा पुरावा म्हणून उपयोग होतो. गिअरबॉक्सच्या तक्रारीत वायरिंगची बोलावणी जोडून उपयोग नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्र सरकारही बोलावणीचा आदेश देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. चेसिस क्रमांक घालून आपली गाडी यादीत आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येते. गाडी दुसऱ्या मालकाकडून घेतली असेल तर हे जरूर पाहावे, कारण बोलावणीचे पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असते.

१५. तक्रार शोरूमविरुद्ध करायची की कंपनीविरुद्ध?

दोघांविरुद्ध, आणि कोणाची चूक कोणती हे वेगवेगळे लिहून. निर्मितीचा दोष कंपनीचा, दुरुस्तीतली हयगय किंवा खोटे सांगून केलेली विक्री शोरूमची. गोव्यातील एका प्रकरणात २००९ साली बनलेली गाडी २०११ मध्ये ग्राहकाला विकली गेली होती. शोरूम आणि टाटा मोटर्स यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांसारखा असल्याने, आणि शोरूमच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे दाखवलेले नसल्याने, फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्या जबाबदारीतून मोकळे केले. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी चेसिस क्रमांकावरून निर्मितीचा महिना व वर्ष ताडून पाहावे, हा त्यातून मिळणारा व्यावहारिक बोध.

१६. गाडी माझ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर आहे. मी ग्राहक ठरतो का?

गाडी कोण आणि कशासाठी वापरतो, यावर ते ठरते. कंपनीने संचालकांच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या आलिशान गाडीच्या प्रकरणात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती खरेदी व्यापारी हेतूची मानली नाही. भाड्याने चालवण्यासाठी घेतलेल्या गाड्यांच्या ताफ्याला ही सवलत नाही. मात्र स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली एकच टॅक्सी कायद्याच्या व्याख्येतच ग्राहकाच्या बाजूला ठेवलेली आहे.

१७. चिपळूणच्या पुरानंतर स्वस्तात मिळालेली सात आसनी गाडी घेतली. आता वायरिंग सारखे बिघडते. वॉरंटी चालेल?

पाण्यात बुडालेल्या गाडीला कंपनीची वॉरंटी त्या नुकसानीपुरती मिळत नाही. जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या नंतर धुऊनपुसून बाजारात आल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का, एवढे पाहिले तरी बरेच कळते. विक्रेत्याने ही गोष्ट लपवली असेल तर तक्रार त्याच्याविरुद्ध होते. आपली स्वतःची गाडी पाण्यात अडकली, तर ती सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारल्याने झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विम्यात बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले असावे लागते.

१८. शोरूमसमोर गाढवांकडून गाडी ओढवून घेऊ का? निदान समाजमाध्यमांवर तरी लिहू?

गाढवांना त्रास देऊ नये. लिहायला हरकत नाही, पण जे जॉब कार्डावर आहे तेवढेच लिहावे. "माझी गाडी सहा वेळा वर्कशॉपमध्ये गेली, या त्या तारखा" हे सत्यकथन आहे. "चोर कंपनी" हा बदनामीच्या खटल्याला आवतण देणारा शब्द आहे. तडजोडीच्या वेळी मजकूर काढण्याची अट येऊ शकते. ती मान्य केल्यास पैसे खात्यात आल्यावरच मजकूर काढावा.

१९. मुलगा न्यू जर्सीत आहे. त्याच्या तीन रांगांच्या गाडीलाही हाच त्रास आहे. तिकडे काय नियम?

तिकडे प्रश्न ११ मध्ये नाही म्हटलेला ठोक नियम आहे. न्यू जर्सीत पहिली दोन वर्षे किंवा २४,००० मैल, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, एकच दोष तीनदा दुरुस्त करूनही राहिला किंवा गाडी एकूण वीस दिवस वर्कशॉपमध्ये अडकली, तर गाडी परत देण्याचा दावा करता येतो. प्रत्येक राज्याचे आकडे वेगळे आहेत. तेथील अनुभव आपल्यासाठीही बोलका आहे. निसानने २०१३ च्या पाथफाइंडरमध्ये जुनी चौकट सोडून एकजीव सांगाडा आणि ठराविक गिअर नसलेला, गुणोत्तर सलग बदलत राहणारा सीव्हीटी गिअरबॉक्स आणला. २०१३ आणि २०१४ च्या गाड्यांतील गिअरबॉक्सबद्दल इतक्या तक्रारी आल्या की सामूहिक दाव्यातील तडजोडीनंतर त्याची वॉरंटी ८४ महिने किंवा ८४,००० मैलांपर्यंत वाढवावी लागली. २०२२ च्या पाथफाइंडरमध्ये नऊ गतींचा पारंपरिक ऑटोमॅटिक परत आला.

२०. तक्रार आयोगात आहे, पण गाडी दारात उभी ठेवून हप्ते भरणे परवडत नाही. विकून टाकू का?

घाई करू नये. तक्रार चालू असताना गाडी विकणारा ग्राहक राहत नाही, अशी भूमिका राष्ट्रीय आयोगाने काही निकालांत घेतली आहे. शिवाय गाडी गेली की तज्ज्ञाने तपासायचे काय, हा प्रश्न उरतो. विकणे अटळच असेल, तर आधी आयोगाकडे अर्ज करून तपासणी उरकून घ्यावी, विक्रीची परवानगी मागावी, आणि मागणी गाडी बदलण्याऐवजी किमतीतला तोटा व भरपाई अशी दुरुस्त करून घ्यावी. घेणाऱ्याला दोष लेखी सांगावा, नाहीतर पुढच्या तक्रारीत समोरचा पक्ष आपणच असाल. बँकेचे हप्ते मात्र कोणत्याही स्थितीत थांबवू नयेत. बँकेचा करार गाडीच्या तब्येतीशी बांधलेला नसतो, आणि थकबाकीमुळे गाडी उचलून नेली तर तपासणीसाठी ती आपल्या हाती राहत नाही.